बर्फाखालची वाफ: कोल्हापूरच्या पाच जणांचं एक प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी बेतलेलं आहे. गट, त्यातली माणसं आणि त्या दिवशीचा घटनाक्रम काल्पनिक आहे. जागा, अंतरं, तापमानं, प्रथमोपचार आणि मधे येणाऱ्या जुन्या दुर्घटना मात्र खऱ्या आहेत. परदेशातल्या ज्वालामुखी मुलखात पायी जाणाऱ्या गटांची संख्या आपल्याकडे वाढते आहे आणि त्यांची तयारी बहुतेक सह्याद्रीतच झालेली असते. त्या तयारीतलं काय तिथे चालतं आणि काय नडतं, हे एका दिवसाच्या आधाराने पाहायचं आहे.

गट आणि बेत

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेला गटप्रमुख, हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम, औषधांच्या दुकानाचे मालक, लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण आणि इंजिनिअरिंगला असलेली त्याची चुलत बहीण. पाचही जण दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करणारे. दोन दिवसांत पन्नासेक किलोमीटर, गुडघाभर चिखल, जळवा, आणि मसाईच्या पठारावरचं ते धुकं, ज्यात पुढच्या माणसाची नुसती सॅक दिसते. म्हणजे कच्चा गट नव्हे.

बेत होता आइसलँडच्या लॉयगावेगुर वाटेचा. लांडमन्नालॉयगर ते थोर्समोर्क, सुमारे ५५ किलोमीटर, चार दिवस. ओढ होती ती पहिल्याच दिवसाची. ही वाट तोर्फायोकुल या ज्वालामुखीच्या अंगावरून जाते. त्याचा शेवटचा उद्रेक १४७७ च्या सुमाराचा, पण पोटातली धग अजून शाबूत आहे. रायोलाइट या ज्वालामुखी खडकाच्या पिवळ्या-गुलाबी डोंगरांतून ठिकठिकाणी वाफ निघते आणि मुक्कामाच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे स्टोरिक्वेर या ठिकाणी वाट उकळत्या झऱ्यांच्या आणि वाफमुखांच्या अगदी शेजारून जाते. पहिला टप्पा १२ किलोमीटरचा, चढ सुमारे ४७० मीटर, मुक्काम ह्राफ्नटिन्नुस्केरच्या झोपडीपाशी, हजार मीटरच्या थोडं वर.

इतक्या लांब कशाला, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, त्याचं उत्तर सरळ आहे. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण त्याचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. आता त्यात धग नाही. राजापूरजवळचं उन्हाळे किंवा संगमेश्वराजवळचं तुरळ इथले गरम झरे खोल भेगांत मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापून वर येतं म्हणून आहेत, त्यांच्याखाली ज्वालामुखी नाही. अंदमानातल्या बॅरन बेटावर जागता ज्वालामुखी आहे, पण तिथे पर्यटकाला उतरू देत नाहीत. लडाखच्या पुगा खोऱ्यात वाफ भरपूर आहे, मात्र ते ४,४०० मीटरवर आहे आणि तिथली पहिली लढाई विरळ हवेशी असते.

तयारीचा बराचसा भाग चोख होता, त्यावर फार थांबायला नको. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, तो होता, आणि डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च त्यात धरलेला आहे की नाही हे मॅडमनी बारीक अक्षरं वाचून पाहिलं होतं. हे बहुतेक गट करत नाहीत. वाटेवर मुक्काम झोपड्यांपाशीच करायचा, मधेच कुठेही तंबू ठोकायचा नाही, हा तिथल्या राखीव क्षेत्राचा नियम ठाऊक होता. स्टोव्हचं गॅस सिलिंडर विमानात नेता येत नाही म्हणून ते रेक्याविकला घेतलं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भडंग आणि कांदा-लसूण चटणी इथून नेली होती. प्रवासाचा आराखडा तिथल्या ‘सेफट्रॅव्हल’ या संकेतस्थळावर नोंदवला, फोनमध्ये ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाचं आइसलँडचं अ‍ॅप टाकलं.

एक चूक सामानातच होती. पाचांपैकी तिघांनी पावसाळी पोंचो नेले. सह्याद्रीत पाऊस वरून पडतो, त्यामुळे पोंचो भागवतो. आइसलँडच्या पठारावर तो आडवा येतो आणि पोंचोचं शीड होतं. अंगालगत बसणारं जॅकेट आणि पँट याला पर्याय नाही. ही चूक एरवी फक्त गैरसोयीची ठरली असती, इथे तिने पुढच्या गोष्टीला हातभार लावला.

त्या दिवशी

जुलैचा दुसरा आठवडा. बस दुपारी लांडमन्नालॉयगरला पोचली. तिथे गरम आणि गार पाण्याचे ओहोळ एकत्र येतात आणि लोक त्यात डुंबतात. गटही डुंबला. जेवण झालं आणि निघायला साडेतीन वाजले. घाई कुणालाच नव्हती, कारण त्या दिवसांत तिथे रात्र अशी होतच नाही. अंधाराची भीती नसली की निघायची वेळ सैल पडते. दमलेल्या पायांना मात्र उजेडाचा काही फायदा नसतो.

सात वाजता गट स्टोरिक्वेरला आला. तापमान ३ अंश, वारा जोरदार, आणि वाफ वाऱ्याने वाटेवरच लोळत होती. खुणेच्या लाकडी खुंट्या धरून वाट बर्फाच्या एका पट्ट्यावरून जात होती. त्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, वाटेपासून वीसेक पावलांवर, मोठं वाफमुख फुसफुसत होतं. वाटेवरून तिकडे पावलांचे ठसे गेलेले दिसत होते.

“दादा, जरा म्होरं जाऊन काढतो की. पावलं हाईत बघा हितं.”

“हितनंच काढ. वाफ काय पळून जात नाही.”

“दोनच मिन्टं.”

गटप्रमुखाने हातातली काठी पुढच्या बर्फात दोनदा खुपसली, ती टिकली, आणि त्याने मान हलवली. फोटोवाला ठशांवरून नऊ-दहा पावलं गेला. चष्म्यावर वाफ धरली म्हणून तो पुसायला थांबला, वाऱ्याने पोंचो तोंडावर आला, आणि तोल सावरायला त्याने डावा पाय ठशांच्या बाहेर, उताराच्या बाजूला टाकला. बर्फ फसला आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. खाली पोकळी होती, पोकळीच्या तळाशी राखाडी गाळ, आणि तो उकळत्याच्या जवळचा. पाय घोट्याच्या वरपर्यंत गाळात गेला. उजवा गुडघा कडक बर्फावर टेकला म्हणून तो पुरता आत गेला नाही. त्याने स्वतःच पाय ओढून बाहेर काढला. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत तीन-चार सेकंद.

बर्फ का फसला

उकळत्या झऱ्याचा काठ गुऱ्हाळातल्या काहिलीसारखा नसतो. काहिलीचा काठ दिसतो तिथेच संपतो आणि भक्कम असतो, म्हणून गुळव्या तिच्या कडेला बिनघोर उभा राहतो. वाफमुखाभोवती दिसणारी जमीन म्हणजे बहुधा नुसतं झाकण. वाफेतलं आम्ल खडक कुजवून त्याची चिकणमाती करतं, गरम पाणी काठाला खालून पोखरतं, आणि वर सुकलेली खपली राहते. ती कुठे हातभर जाड असते, कुठे बोटभर. वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

त्यावर बर्फ असला की आणखी एक थर वाढतो. बर्फ खालून वितळतो, वर नाही. जमिनीतून झिरपणारी वाफ तळाशी घुमट कोरत जाते आणि पृष्ठभाग शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत दिसतो. काही खुणा असतात: पृष्ठभाग किंचित खचलेला, रंग राखाडी किंवा ओलसर काच लावल्यासारखा, कडेला पिवळट कंगोरा, जवळपास एखादं नाण्याएवढं भोक आणि त्यातून बारीक धूर. सपाट उजेडात आणि वाफेत यातलं अर्धं दिसत नाही.

खरा घोटाळा ठशांनी केला. सह्याद्रीत मळलेली वाट सोडायची नाही, हा नियम लहानपणापासून डोक्यात बसलेला असतो आणि तो योग्यच आहे. गावकऱ्यांच्या, गुरांच्या पायांखाली पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली वाट दर वर्षी पक्कीच होते. वाफेवरच्या बर्फातले ठसे याच्या नेमके उलट वागतात. ते उमटले तेव्हा बर्फ जितका जाड होता, त्याहून आज तो पातळ आहे, उद्या आणखी पातळ असेल. तीन दिवसांपूर्वी ऐंशी किलोचा माणूस तिथून गेला, यावरून एवढंच सिद्ध होतं की तीन दिवसांपूर्वी तो गेला. शिवाय ठसे खुंट्यांच्या वाटेचे नव्हते, फोटोसाठी वाकड्या गेलेल्या कुणाचे तरी होते. खुंट्यांची वाट झोपड्या चालवणारे लोक हंगामात पाहत असतात, गरज पडली तर हलवतात. फाट्यांकडे कुणी पाहत नाही.

काठीच्या परीक्षेबद्दलही बोललं पाहिजे, कारण गटप्रमुखाने परवानगी तिच्या भरवशावर दिली. उभ्या माणसाने हाताने खुपसलेल्या काठीवर फार तर पंधरा-वीस किलोचा जोर येतो. सॅकसकट माणूस एका पायावर पूर्ण वजन टाकतो तेव्हा तिथे नव्वद किलो पडतात. काठी आत गेली तर जागा वाईट आहे हे नक्की. काठी टिकली तर काहीच कळलेलं नसतं. या परीक्षेचा ‘नाही’ खरा आणि ‘हो’ खोटा, असं धरून चालावं. तिचा उपयोग नाइलाजाने ओलांडायच्या पट्ट्यात, दर पावलाला, एका वेळी एक माणूस आणि मधे पाच मीटर अंतर ठेवून करायचा. पुढे जावं की नाही हे ठरवायला ती वापरायची नाही.

आणि ते दुपारचं डुंबणं. त्यात गैर काही नाही, ती जागा त्यासाठीच आहे. पण चार तासांपूर्वी ज्या मुलखाच्या पाण्यात आपण मजेत बसलो होतो, त्याच मुलखाचं पाणी तीन सेकंदांत कातडी सोलेल, हे शरीराला पटत नाही. आपल्याकडे गरम झरा म्हणजे देऊळ, कुंड आणि अंघोळ. हजार मीटर उंचीवर पाणी ९६-९७ अंशांना उकळतं. ६० अंशांच्या पाण्यात प्रौढ माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, ७० ला एक सेकंद पुरे. यलोस्टोनमध्ये १८९० पासून वीसहून अधिक माणसं अशा झऱ्यांत पडून मेली आहेत. त्यातले काही जण तर खपली फुटून नव्हे, हौसेने किंवा कुत्र्याला वाचवायला उतरून गेले.

पहिली वीस मिनिटं

इथून पुढे गट चांगला वागला, आणि प्रकरण अभ्यासायला घेण्याचं अर्धं कारण तेच आहे.

पाय बाहेर आला तरी भाजणं थांबलेलं नव्हतं. गाळ पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो बुटात भरतो, मोजा तो धरून ठेवतो आणि चामड्याचा उंच बूट उष्णता आत कोंडतो. म्हणजे पाय गाळातून निघाला, पण गाळ पायावरून निघाला नाही. अशा वेळी पहिलं काम पाणी ओतणं नाही, बूट काढणं. फाउंड्रीत ओतकाम करणारा माणूस लेसचा बूट घालत नाही. वितळलेल्या धातूचा थेंब आत गेला तर बूट झटक्यात पायातून उडवता यावा म्हणून बिनलेसचा घालतो. गटप्रमुखाला हे हाडीमासी भिनलेलं होतं. त्याने गाठ सोडवायच्या भानगडीत न पडता प्रथमोपचाराच्या पेटीतली बोथट टोकाची कात्री लेसखाली घातली, वरपासून खालपर्यंत कापली, जीभ ओढली आणि बूट मोज्यासकट काढला. मोजा कातडीला चिकटलेला असता तर तेवढा भाग कापून जागेवर सोडायचा होता. तो चिकटला नव्हता. पँटचा पाय गुडघ्यापर्यंत चिरला. एव्हाना अर्धं मिनिट गेलं होतं.

मग गारवा. नियम असा: वाहतं गार पाणी, सलग वीस मिनिटं, जितक्या लवकर तितकं बरं, पण तीन तासांच्या आत केव्हाही केलं तरी फायदा होतो. बर्फ चोळायचा नाही. समोर बर्फच बर्फ असताना हे पाळणं अवघड जातं. पण बर्फाने रक्तवाहिन्या आवळतात आणि आधीच भाजलेल्या भागाचं रक्त तुटून जखम खोल जाते. पाण्याचं तापमान १५ अंशांच्या आसपास हवं, ८ पर्यंत चालतं.

अडचण इथे होती. जवळचा ओढा वाफमुखाकडूनच येत होता. ओढ्यात पाणी आहे म्हणजे ते गार आहे, असं या मुलखात धरता येत नाही. दोन हातांवर एक धार गार आणि एक पोळणारी असू शकते, शिवाय पाणी आम्लयुक्त असतं. मॅडम वरच्या अंगाला, जिथे बर्फाखालून स्वच्छ पाणी निथळत होतं, तिथे दोन लिटरची घडीची पिशवी भरायला गेल्या. ते पाणी २ अंशांचं. चहासाठी भरलेले एक-एक लिटरचे दोन थर्मास होते, त्यांतलं पाणी अजून ८० अंशांच्या आसपास होतं. पाच भाग गार आणि एक भाग गरम मिसळलं की १५ अंश येतात. बारा लिटर पाणी झालं, आणि ते वीस मिनिटं पुरवायला मिनिटाला साधारण सहाशे मिलिलिटरची धार ठेवावी लागते, म्हणजे पिशवीची तोटी जेमतेम उघडी. खिशातल्या थर्मामीटरने प्रत्येक पिशवी तपासली. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून पाहावं. बोटं अशा थंडीत बधिर असतात, त्यांचं ऐकू नये.

त्याच वेळी माणूस गारठू द्यायचा नाही. ३ अंश, वारा आणि धक्का बसलेलं शरीर. पाय गार करताना बाकीचं अंग गरम ठेवलं नाही तर अर्ध्या तासात वेगळाच आजार हाताळावा लागतो. दुकानदारकाकांनी त्याच्याखाली चटई आणि दोन सॅक सरकवल्या, स्लीपिंग बॅग कमरेपर्यंत चढवली, टोपी घातली, आणि चौघांचं आपत्कालीन कापडी खोपटं त्याच्यावर ओढलं. हे खोपटं म्हणजे खांब नसलेला नायलॉनचा मोठा पिशवा, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पाय तेवढा बाहेर.

वीस मिनिटांनंतर पायाकडे नीट पाहिलं. घोट्याभोवती आणि पावलाच्या वरच्या अंगाला फोड, दोन ठिकाणी कातडी निघून खाली ओलसर गुलाबी भाग, घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा पांढरट डाग, आणि त्या डागाला दुखत नव्हतं. न दुखणं ही चांगली खूण वाटते, ती वाईट असते. तिथे भाजणं मज्जातंतूंपर्यंत पोचलेलं असतं. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का, या मापाने जखम अडीच-तीन टक्के भरली. टक्के थोडे असले तरी पाऊल, हात, चेहरा, सांधे इथली भाजणी आकार न बघता दवाखान्यातच न्यावी. त्यात घोट्याला चहूबाजूंनी भाजलं असेल तर सूज आतल्या आत आवळते. म्हणून बोटांचा रंग आणि नखं दाबून परत लाल होण्याचा वेळ दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवायचा.

वर स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिक फिल्म पट्ट्यापट्ट्यांनी अंथरली. गुंडाळली नाही, सुजेला जागा हवी. पहिल्या वेढ्याची फिल्म टाकून दिली, कारण ती सॅकमध्ये घासलेली असते. फोड फोडले नाहीत. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस, यांतलं काही लावायचं नाही, हे काकांना सांगावं लागलं नाही. दुकानात रोज कुणाला तरी तेच सांगतात.

पुढे की मागे

आठ वाजत आले होते. तीन वाटा होत्या. एक, त्याला धरून पुढच्या झोपडीपर्यंत न्यायचं: तीन-चार किलोमीटर, पण चढाचे आणि बहुतेक बर्फातून. दोन, मागे लांडमन्नालॉयगरला: अंतर दुपटीहून जास्त, पण उतार आणि मोकळी वाट, शिवाय उन्हाळ्यात तिथे बचाव पथकाच्या स्वयंसेवकांची गस्त मुक्कामाला असते. तीन, जागेवर थांबून मदत बोलावायची.

‘चालवत नेऊ’ ही सह्याद्रीतली सवय. तिथे ती बऱ्याचदा बरोबरही असते, कारण दोन-तीन तासांवर वाडी असते. इथे भाजलेला पाय पुन्हा बुटात जाणार नव्हता, आणि बुटाशिवाय बर्फात चार किलोमीटर म्हणजे भाजण्यावर हिमदंशाची भर. तिसरी वाट घेतली, आणि ती योग्य होती. ओघळीत फोनला रेंज नव्हती. मॅडम आणि मुलगी वाटेवरच्या उंचवट्यावर गेल्या, तिथे अ‍ॅपवरून ठावठिकाणा गेला आणि ११२ ला फोनही लागला. काय सांगायचं ते त्यांनी आधी कागदावर लिहून नेलं होतं: जागेचे अक्षांश-रेखांश, किती जण, एकाला काय झालं, किती वाजता, आता शुद्धीवर आहे का, आसरा आहे का, वारा किती. फोन तुटला तरी पहिल्या दोन ओळींत काम व्हावं, हा क्रम.

रेंज मिळाली नसती तर दोघांना झोपडीकडे पाठवायचं होतं. तिथे हंगामात राखणदार असतो आणि जीपचा कच्चा रस्ता पोचतो. पण दोघांनाच, एकट्याला कधीच नाही, आणि खुंट्या दिसत असतील तरच. याच टप्प्यावर जून २००४ मध्ये एक तरुण ट्रेकर हिमवादळात सापडून गेला. झोपडी त्याच्यापासून साधारण एक किलोमीटरवर होती. त्याच्या स्मरणार्थ वाटेच्या कडेला दगडांची रास उभी आहे.

गस्तीचे लोक आले, रुग्णाला खाली नेलं, तिथून रेक्याविकच्या रुग्णालयात. पांढरट डागाच्या जागी पुढे कातडीचं रोपण करावं लागलं, बाकीचं तीन आठवड्यांत भरलं. बूट उशिरा निघाला असता तर रोपण घोटाभर लागलं असतं.

जे घडलं नाही, पण घडू शकलं असतं

गटाच्या यादीत हायड्रोजन सल्फाइडचा गजर देणारं खिशाचं यंत्र नव्हतं. घ्यायला अवघड नव्हतं. डिस्टिलरी आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात काम करणाऱ्यांच्या शर्टाला ते लावलेलं असतं आणि औद्योगिक सुरक्षेच्या दुकानांत मिळतं. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणजे वायू आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला, हे मात्र खरं नसतं. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं, आणि जिवाला धोका तिथूनच सुरू होतो. यंत्राचा पहिला गजर १० पीपीएमला ठेवलेला असतो. तो वाजला की वाऱ्याच्या उलट दिशेला आणि चढाकडे निघायचं. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नाही, आणि हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तो खोलगट जागी साचून राहतो.

जपानमध्ये १९९७ साली दोन महिन्यांच्या अंतराने दोन दुर्घटना झाल्या. जुलैत हाक्कोदा डोंगरात एका खळग्यात उतरलेले तीन सैनिक कार्बन डायऑक्साइडने मेले. सप्टेंबरमध्ये आदातारा ज्वालामुखीवर धुक्यात वाट चुकलेले चार गिर्यारोहक विवराच्या तळाशी उतरले आणि हायड्रोजन सल्फाइडने गेले. मसाईवर धुक्यात चुकलं तर माणूस उताराला लागतो आणि गाव गाठतो. वाफेच्या मुलखात उतार हीच वाईट दिशा.

एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅमथ डोंगरावर जे झालं ते या प्रकरणाच्या सर्वांत जवळचं आहे. बर्फात गाडलेल्या वाफमुखाभोवती कुंपण उभारणारे स्कीच्या गस्तीचे दोघे बर्फाचा घुमट कोसळून आत पडले. तिसरा त्यांना काढायला उतरला आणि तोही गेला. तिघेही सराईत होते, ती जागा त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. फोटोवाल्याचा उजवा गुडघा कडक बर्फावर टेकला नसता आणि तो छातीपर्यंत आत गेला असता, तर बहीण पहिली धावली असती. अशा वेळी खड्ड्यात उतरायचं नाही. दुरून, पालथं झोपून, दोर किंवा जोडलेल्या काठ्या फेकायच्या, आणि आतल्याने हालचाल केली नाही तर वायू आहे असं समजायचं. हे घरच्या माणसाला त्या क्षणी सांगून पटत नाही. निघण्याआधी, कोल्हापुरात, प्रत्येकाच्या तोंडून एकदा म्हणवून घ्यावं लागतं.

पुढच्या बेतात काय बदलावं

फोटो कुठून काढायचा हे वाफेपाशी पोचल्यावर ठरवायचं नाही. तिथे प्रत्येकाला दोन पावलं पुढे जावंसं वाटतं आणि ‘नाही’ म्हणणारा खडूस ठरतो. आदल्या रात्री ठरवावं: खुंट्यांची वाट सोडायची नाही. वाट सोडावी लागलीच तर उघड्या वाफेपासून, गाळापासून किंवा रंग बदललेल्या मातीपासून पंधरा मीटर हद्द. बर्फ असेल तर हद्दीचा विचारच नाही, वाटेवरूनच. जवळचं दृश्य हवं तर लांबचं भिंग न्यावं. दीड किलो वजन वाढतं, पण पायांना काही होत नाही.

चष्मेवाल्याने वाफेच्या पट्ट्यात पहिलं किंवा शेवटचं चालू नये, आणि चष्मा पुसायचा तर दोन्ही पाय थांबवून, काठ्या रोवून. पोंचो घरी. पायाला गुडघ्यापर्यंतचे गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीला बांधायची कापडी आवरणं, हवेत, ते गाळ बुटाच्या तोंडातून आत जाऊ देत नाहीत. या प्रसंगात गेटर असते तर घोट्याची भाजणी बरीच टळली असती. मात्र गेटर खालच्या पट्ट्याने बांधलेला असेल तर तोही कापावा लागतो, म्हणून कात्री सॅकच्या तळाशी नाही, खांद्याच्या पट्ट्यावर. सुती मोजे नकोतच. निघायची वेळ पक्की: लांडमन्नालॉयगरहून दुपारी एकच्या आत, नाहीतर मुक्काम तिथेच आणि सकाळी निघायचं.

धनुर्वाताची लस निघण्याआधी तपासावी. यात पाचपैकी तिघांची दहा वर्षांहून जुनी निघाली.

बूट कापण्याचा आणि गार पाण्याचा सराव पन्हाळ्याच्या जुलैच्या फेरीतच करता येतो. मसाईच्या पठारावर, भर पावसात, जुना बूट घालून एकाला बसवायचं. दुसऱ्याने तीस सेकंदांत बूट काढायचा, तिसऱ्याने डबक्याच्या नाही तर वाहत्या पाण्याची पिशवी भरायची, चौथ्याने खोपटं ओढायचं, आणि घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटं धार धरायची. सातव्या-आठव्या मिनिटाला सगळ्यांना वाटतं की आता पुरे झालं.

जुना बूट दोन जोड लागतात, कारण पहिल्या खेपेला बहुतेक जण लेसऐवजी चामडंच कापतात.